काचेच्या काडीचा मत्सर

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मालवण तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आहे, तिथे माझं टेबल आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की आपण किती राबलो आणि किती सोसलं, तेच आधी सांगतात. मीही ते सांगेन. पण त्याआधी एक कबुली देतो. मी मत्सरी आहे. एका काचेच्या काडीचा मी दोन वर्षं मत्सर केला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथले कारागीर भिंगं हाताने घासत. घासून झालं की भिंग उजेडाकडे धरून एक डोळा मिटत आणि मान हलवत. माझ्या भिंगांवर ती मान एकदाच हलली, दुसऱ्यांदा घासावं लागलं नाही, याचा मला फार दिवस गर्व होता. तेव्हा कोकणात रेल्वे आली नव्हती. पेंढा भरलेल्या खोक्यात बसून मी ट्रकने फोंडा घाट उतरलो. माझं खोकं उघडलं ते भिकाजीने. तो तेव्हा वीस-बावीस वर्षांचा होता आणि नुकताच शिपाई म्हणून कामाला लागला होता. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं, खाडीकडच्या खिडकीत ठेवलं आणि धोतराच्या मऊ फडक्याने पुसलं. त्या दिवसापासून मला दुसऱ्या कोणी पुसलेलं भिकाजीला खपत नसे.

माझी उमेदीची वर्षं फार चांगली गेली. मुलं रांग लावून माझ्यापाशी यायची. कांद्याची साल, शेवाळाचे धागे, माशाचे खवले मी त्यांना दाखवायचो. एकदा सेलिना लोबो नावाची विद्यार्थिनी माझ्यातून शिनाण्याचा कल्ला बघायला बसली. शिनाणे म्हणजे खडकाला चिकटून राहणारे हिरव्या कवचाचे शिंपले. त्यांच्या कल्ल्यावर इवलेसे केस असतात. ते केस एका लयीत हलले की पाणी आत ओढलं जातं, आणि त्या पाण्यातूनच शिनाण्याला श्वास मिळतो, अन्नही मिळतं. वाऱ्यावर भातशेत हलावं तशी त्या केसांची लाट धावत होती. तास संपला, मुली निघून गेल्या, सेलिना उठेना. शेवटी भिकाजी म्हणाला, "गो बाय, माका कुलूप लावूचा आसा." पुढे हीच सेलिना शिकून त्याच प्रयोगशाळेची प्रमुख झाली. सगळे तिला मॅडम म्हणू लागले. नव्या विद्यार्थ्यांना ती मला दाखवून सांगायची, "मी याच्यामुळे इथे आहे." हे वाक्य मी दरवर्षी जूनमध्ये ऐकायचो आणि दरवर्षी तितकाच फुलून जायचो.

मग अक्षया आली.

अक्षया पिंगुळीची. बाहेर संशोधन शिकून ती मॅडमच्या हाताखाली काम करायला आली होती. बोलणं कमी आणि हात अतिशय स्थिर. पहिल्या दिवशी तिने माझ्यातून शिनाण्याच्या कल्ल्याची लाट पाहिली. मला वाटलं, आता हीही उठायची नाही. ती दोन मिनिटांत उठली आणि म्हणाली, "छान दिसतंय. पण ही लाट सुरू कर, असं या केसांना कोण सांगतं?"

मला या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. इतक्या वर्षांत मला कुणी तो विचारलाही नव्हता.

अक्षयाने त्यासाठी एक साधन बनवायला घेतलं. माणसाच्या केसाच्या दहाव्या भागाइतका बारीक कार्बनचा तंतू ती काचेच्या पोकळ नळीत ओवायची. नळी तापवून ओढली की मधोमध निमुळती होऊन तुटायची. तंतूचं टोक तेवढं बाहेर राहायचं. प्रयोगशाळेत त्याला इलेक्ट्रोड म्हणत. भिकाजी 'काडी' म्हणायचा.

"ह्या काडयेन काय करतलस?" त्याने एकदा विचारलं.

"काका, पेशी एकमेकींशी बोलतत," अक्षया म्हणाली.

"तोंड खंय आसा तेंका?"

"तोंड नाय. एक पेशी थोडां रसायन सोडता. शेजारच्या पेशीक तां लागला की तिका समाजता, आता काय करूचा तां. माका तो निरोप वाटेत पकडूचो आसा."

भिकाजीने माझ्याकडे बोट केलं. "आणि आमच्या म्हाताऱ्याक तो दिसना नाय?"

"तेका केस हललेले दिसतत, काका. निरोप दिसना नाय."

मित्रांनो, ती खोटं बोलली नव्हती. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात खिडकीतली जागा काडीला मिळाली. तिच्यासाठी हादरे न बसणारं जड टेबल आलं, तारांची जाळी आली, संगणक आला. मला कोपऱ्यात हलवलं आणि वर रेक्झिनचं आवरण घातलं. आवरणाला एक फट होती. त्या फटीतून मी दिवसभर काडीकडे बघत राहायचो. अक्षया तिच्या टोकावर अगदी थोडा विजेचा दाब ठेवी. शिनाण्यात जे रसायन निरोप नेतं त्याला सेरोटोनिन म्हणतात. ते टोकाला भिडलं की किंचित वीज वाहते आणि संगणकाच्या पडद्यावरची रेघ टेकडीसारखी वर चढते. निदान तशी ती चढायला हवी होती. पहिल्या काड्यांची टोकं कल्ल्याच्या बुळबुळीत चिकट्याने माखली. पुढच्या काड्या दुसऱ्याच रसायनांना भुलून खोट्या टेकड्या दाखवू लागल्या. मग अक्षयाने टोकावर लेप द्यायला सुरुवात केली. नको ती रसायनं बाहेर अडवणारा आणि सेरोटोनिनला आत सोडणारा लेप तिला हवा होता. जाड झाला तर काहीच आत जात नसे, पातळ झाला तर सगळंच जाई. अकरावी काडी गेली, सतरावी गेली, तेविसावी गेली. प्रत्येक काडी फुकट गेली की कोपऱ्यात मला गोड वाटायचं. अक्षया डबा न उघडता बसून राहायची, तेही मला दिसायचं. तरीही गोड वाटायचं. असा होतो मी.

याच काळात सुगंधा प्रयोगशाळेत आली. खाडीत दोर सोडून शिनाणे वाढवणाऱ्या आठ बायकांच्या गटाची ती प्रमुख होती. तिने बादली जमिनीवर ठेवली. "दोन वर्सां झाली, मॅडम," ती म्हणाली, "शिनाणे अर्धे वाढतत आणि उपाशी असल्यासारे मरतत. खाडयेत खाणा आसा, तरी खायनत नाय. ह्या वर्सा परत मेले तर बायो गट सोडतल्यो. माका खरां काय तां सांगा."

मॅडमनी माझं आवरण काढलं आणि तिच्या शिनाण्याचा कल्ला माझ्याखाली ठेवला. इतक्या महिन्यांनी बोलावणं आल्यामुळे मी सगळं बळ भिंगात आणलं. केस उभे होते, धड होते, पण लाट नव्हती.

"केस बिघडलेले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मग एक तर निरोप देणारी पेशी गप्प आहे, नाही तर निरोप घेणारी बहिरी झाली आहे. यातलं काय झालंय ते नुसत्या डोळ्यांनी कळणार नाही."

अक्षया म्हणाली, "काडी सांगेल."

मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात कसोटी ठरली. अक्षयाचा लेप अखेर जमला होता. मात्र लेपाचं बाटलीतलं रसायन संपत आलं होतं आणि नवं यायला दोन महिने लागणार होते. लेप दिलेली एकच काडी शिल्लक होती. ती कल्ल्यावर नेमक्या जागी टेकवायची तर बघायला डोळा हवा. कॉलेजातल्या नव्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग काचेच्या इतकं जवळ येई की मध्ये काडी शिरत नसे. माझं भिंग जुन्या पद्धतीचं, खाली ऐसपैस जागा सोडणारं. म्हणून मला खिडकीत नेलं. मॅडम, अक्षया, सुगंधा आणि भिकाजी सगळे भोवती उभे होते. अक्षया श्वास रोखून काडीचं टोक पुढे नेत होती. मला ते टोक दिसलं. काळं, सरळ, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. मोडो ही, असं माझ्या मनात आलं.

त्याच क्षणी माझी भिंगांची नळी खाली घसरली. टिंग असा आवाज झाला. काडीचे दोन तुकडे झाले.

अक्षयाने आपला उजवा हात डाव्या हातात धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मॅडमनी विचारलं, "भिकाजी, ही नळी कधीपासून घसरता?"

"माका म्हायत नाय, मॅडम," भिकाजी म्हणाला.

मला त्या दिवशी आनंद झाला. तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही, कारण संध्याकाळी मला कोठीतल्या कपाटात बंद केलं.

त्या वर्षीचे शिनाणे मे महिन्याआधीच मेले. आठांपैकी पाच बायकांनी गट सोडला. हे मला कपाटाबाहेरच्या बोलण्यातून कळलं. पावसाळाभर मी तिथेच होतो. दमट हवेने माझ्या भिंगांवर बुरशी चढली, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी. भिकाजी रोज कोठीत यायचा, झाडू घ्यायचा आणि माझ्याकडे न बघता जायचा. हे मला बुरशीपेक्षा जास्त सलायचं.

गणपती झाले आणि एका सकाळी भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. नवं रसायन आल्यावर अक्षयाने साध्या हातभिंगातून अंदाजाने टोक टेकवत कित्येक काड्या वाया घालवल्या होत्या, आणि अखेर एका काडीने खरी टेकडी दाखवली होती. बाटलीतल्या ओळखीच्या सेरोटोनिनचा थेंब टाकून पडताळलं, तरी टेकडी तीच आली. मॅडमनी पेढे आणले. सगळे काडीचं नाव घेत होते. मी अंधारात बसून ऐकत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, मी नसतो तर तुम्हाला शिनाण्याला केस असतात हे तरी कुठे कळलं असतं?

आठवड्याभराने मात्र आवाज बदलले. निरोगी शिनाण्यात टेकडी येत होती आणि सुगंधाच्या आजारी शिनाण्यातही तेवढीच येत होती. म्हणजे निरोप सुटत होता. मग तो पोचत होता की नाही? ते काडीला सांगता येईना. त्यासाठी टेकडी उठते त्याच क्षणी केसांकडे बघणारा कोणी हवा होता, आणि हातभिंगातून ते केस दिसत नव्हते.

"तो जुना चालला असता," कोठीच्या दाराशी उभ्या राहून मॅडम म्हणाल्या. "पण त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

झाडू घ्यायला आलेला भिकाजी थांबला. त्याने झाडू भिंतीला टेकवला.

"मॅडम, माका काय तरी सांगूचा आसा," तो म्हणाला. "तेची नळी दोन वर्सां घसरता. मी थंय कागदाची घडी सारून ठेवी. कळला असता तर तुमी तेका भंगारात टाकला असता. त्या दिवशी घडी मी मुद्दाम ठेवलंय नाय."

"मुद्दाम?"

"काडी मोडली तर ह्यो परत खिडकीत येतलो, असां वाटला माका."

मित्रांनो, मला वाटत होतं की या प्रयोगशाळेत मत्सर करणारा मी एकटाच आहे.

मॅडमच्या मागे अक्षया उभी होती. ती पुढे आली. मग हळूच म्हणाली, "काका, माका त्या दिवशी वाटला माजोच हात हललो आणि नळयेक लागलो. सात म्हयने मी तांच समजान चलतंय. काडी धरूच्या आधी रोज हात बघतंय."

भिकाजी खाली बसला. मॅडम एरवी त्याच्याशी मालवणीत बोलत. त्या वेळी त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "भिकाजी, हे मी लेखी नोंदवणार आहे. त्याची शिक्षा जी व्हायची ती होईल. त्याआधी हा दुरुस्त होऊन आला पाहिजे."

भिकाजीने मला टॉवेलात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि रिक्षाने बंदरावर फॉस्टिनकडे नेलं. फॉस्टिन होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने माझा झिजलेला स्क्रू चिमटीत धरला आणि हसला. "चण्याएवढो स्क्रू! आणि तुज्या डोळ्यात पाणी कसला रे?"

"तू कर गप," भिकाजी म्हणाला.

फॉस्टिनने लेथवर पितळेचा नवा स्क्रू कातला. भिकाजीने घरी नेऊन माझं एकेक भिंग सोडवलं, तीन दिवस बसून बुरशी काढली. एका भिंगाच्या कडेला तिचा डाग राहिलाच. तो अजून आहे.

दिवाळीनंतर एका सकाळी मी पुन्हा खिडकीत होतो. आधी निरोगी शिनाण्याचा कल्ला ठेवला. अक्षयाने काडी पुढे आणली. भिकाजी तिच्या शेजारी उभा होता. तिने आपला हात त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, "हलता काय?"

"दगडासारो आसा," तो म्हणाला.

मग तिने टोक टेकवलं. कल्ल्याच्या मज्जातंतूला हलकासा विजेचा स्पर्श केला. पडद्यावर टेकडी चढली आणि क्षणभराने माझ्याखाली लाट धावू लागली. मॅडम आणि सुगंधा दोघीही ओरडल्या. मग आजारी शिनाण्याचा कल्ला आला. पुन्हा स्पर्श, पुन्हा टेकडी, तितकीच उंच. मी बघत राहिलो. केस हलले नाहीत.

अक्षयाने सुगंधाला माझ्यापाशी बसवलं. सुगंधाने एक डोळा मिटला. "हलनत नाय गो."

"पडद्यार बघ. निरोप गेलो," अक्षया म्हणाली. "आयकूक कोण नाय."

"म्हणजे माजे शिनाणे गप नाय. भैरे झाले."

"होय."

"कोणी केले?"

त्याचं उत्तर त्या दिवशी नव्हतं. पण आता काय शोधायचं ते कळलं होतं. आजारी शिनाणे आणून बाहेरच्या समुद्राच्या पाण्यात ठेवले. सहाव्या दिवशी माझ्याखाली एका कडेला बारीकशी लाट हलली. म्हणजे बहिरेपण खाडीच्या पाण्यातून येत होतं. सुगंधाला आठवलं, तिच्या दोरांच्या वरच्या अंगाला हरिश्चंद्र होड्यांची बुडं खरवडून रंग लावतो, आणि ते काम सुरू झालं त्याच वर्षी मर लागली. अक्षयाने तिला थांबवलं. "ताई, अजून तां सिद्ध झाला नाय. रंगाच्या पाण्याचा वेगळा तपासूक होया." सुगंधा म्हणाली, "तू तपास. मी दोर हलवतंय." तिने हरिश्चंद्रलाही ओढत आणलं आणि माझ्यातून दोन्ही कल्ले दाखवले. तो बराच वेळ बघत होता. जाताना इतकंच म्हणाला, "तपास होयसर मी काम वर सड्यार, खाडयेपासून लांब करतंय."

दिवाळीनंतरच्या त्या सकाळी मी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती सांगायला मला सगळ्यात जड जातं. मोडण्याआधीचा तो एक क्षण सोडला तर काडीला मी तोवर फटीतून, लांबूनच बघितलं होतं. त्या दिवशी ती माझ्या भिंगाखाली होती. पहिल्या टेकडीच्या वेळी तिचं टोक स्वच्छ होतं. जो निरोप ती पकडायची तोच तिच्या टोकावर काजळीसारखा बसत होता. प्रत्येक निरोपागणिक ती मंद होत गेली. दुपारी अक्षयाने पुन्हा ओळखीचा थेंब टाकला, तेव्हा रेघ जेमतेम हलली. मग अक्षयाने तिला सोडवलं आणि फुटक्या काचांच्या बरणीत टाकलं. ती त्रेचाळिसावी होती. माझं वय पस्तीसच्या पुढे आहे. जिचा मी दोन वर्षं मत्सर केला ती दर वेळी वेगळी होती, आणि कल्ल्याला टेकलेली कुठलीही काडी दुसरा दिवस बघू शकली नव्हती.

खाडीच्या मुखाजवळ सोडलेल्या दोरांवर या मे महिन्यात शिनाणे भरले. सोडून गेलेल्या पाचांपैकी चौघीजणी परत आल्या. सुगंधाने शिनाण्यांचं सुकं डबा भरून आणलं. अक्षयाचं संशोधन छापून आलं आणि पुण्याच्या परिषदेत दाखवायला ती नवी काडी मऊ डबीत घालून घेऊन गेली. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात अक्षया होती, तिच्या बोटांत काडी होती. मी नव्हतो. कोपऱ्यात माझं आवरणसुद्धा दिसत नव्हतं. खोटं कशाला सांगू? दोन दिवस मला जळफळल्यासारखं झालं.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखं कोणी जुनं असेल तर त्याची काळजी घ्या. नळी फिरवताना जोर लावू नका, भिंगाला बोट लावू नका, पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवा. त्यात काही बिघडलेलं दिसलं तर लगेच सांगा. भिकाजीने माझ्यावरच्या मायेपोटी माझा बिघाड लपवला. त्याची किंमत म्हणून अक्षयाला सात महिने आपल्या हातावर संशय घ्यावा लागला, आणि आठ बायकांचं एक वर्ष गेलं.

आणि एखाद्या प्रयोगशाळेत फुटक्या काचांची बरणी दिसली तर तिच्यापाशी क्षणभर थांबा. एवढं थोडं जगून एवढं खरं सांगणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही. तिच्याबद्दल हे चांगले शब्द मी आज पहिल्यांदाच बोललो. बोलताना जीभ अजून अडखळते.